करंगळी

माझी उजवी करंगळी दुखते. पेराच्या बाहेरच्या बाजूला कातडी जाड झाली आहे आणि पाण्याचा तांब्या उचलताना कळ येते. कॉलेजात कुणी विचारलं की मी सांगायचो, कपाटाच्या दारात सापडली. भौतिकशास्त्राचा मास्तर असल्याचा एक फायदा म्हणजे थापसुद्धा शास्त्रशुद्ध मारता येते. दार किती वेगानं आलं, बोट बिजागरीपासून किती लांब होतं, सगळं सांगायचो. ऐकणारा कंटाळून निघून जायचा.

आता थाप मारायचं काही कारण उरलेलं नाही, म्हणून खरं सांगतो.

ज्यांच्या घरी आठवी ते बारावीतलं मूल नाही, त्यांना पट्टी म्हणजे काय ते नीट माहीत नसतं. थोडक्यात सांगतो. आपण फोनच्या काचेवर बोट सरकवतो तेव्हा ते नुसतं सरकत नाही. किती जोरानं टेकलं, किती वेळ टेकून राहिलं, उचलताना घुटमळलं का, पुढच्या वेळेला किती उशिरानं आलं, हे सगळं काचेखालच्या जाळीला सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत कळतं. मन खचलं की माणसाच्या हालचाली मंदावतात, हे डॉक्टरांना फार आधीपासून ठाऊक होतं. चालणं मंदावतं, बोलणं मंदावतं. अंगठाही मंदावतो, पण इतका थोडा, की त्या माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. निरोगी पोराचा अंगठा चपळ आणि लहरी असतो. खचलेल्या पोराचा अंगठा काचेवर टेकतो आणि तिथेच पडून राहतो. हा फरक मुलाच्या तोंडावर दिसायच्या सहा-आठ आठवडे आधी बोटात दिसतो.

त्यावरून पट्टी निघाली. फोनच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ: हिरवी, पिवळी किंवा लाल. मूल काय बघतं ते पट्टीला कळत नाही, कळू नये अशीच ती बनवली होती; ती फक्त बोटाची चाल मोजते. सलग दोन आठवडे पिवळी राहिली की कॉलेजचा समुपदेशक घरी येतो, फोनची वेळ कमी होते, गरज पडली तर दवाखाना. सगळं फुकट, आणि खरं सांगायचं तर उपयोगी. त्या तीन-चार वर्षांत कितीतरी पोरं वेळेवर सापडली.

फक्त आपल्या लोकांच्या हातात कुठलाही आकडा पडला की त्याची गुणपत्रिका होते. कराडच्या मंडईत कोथिंबीर निवडता निवडता बायका विचारू लागल्या, "पोरीची पट्टी कशी आहे?" चांगल्या कॉलेजांनी वसतिगृहाच्या अर्जात हळूच एक ओळ घातली: सलग सहा महिने हिरवी पट्टी असल्यास प्राधान्य. ती ओळ कुणी सुचवली ते आजतागायत कुणाला माहीत नाही.

आमच्या कॉलेजात या सगळ्याचा कारभार माझ्याकडे होता. मी, सुहास डुबल, पट्टीप्रमुख. दर सोमवारी उतरत्या पट्ट्यांची यादी माझ्याकडे यायची. पालकसभेत मी माईक हातात घेऊन सांगायचो, "पालकहो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. एवढंच लक्षात ठेवा: बोट थांबलं की पट्टी उतरते." हे वाक्य मला फार आवडायचं. सभागृहात शांतता व्हायची.

गेल्या वर्षी बाबर नावाचे एक शिंपी मला भेटायला आले होते. त्यांची मुलगी अकरावीत. स्टाफरूमच्या दारात चपला काढून उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "सर, पोरीची पट्टी मीच वर ठेवतोय. सकाळी तिचा फोन घेऊन अर्धा तास बोट फिरवतोय."

"तुमच्या अंगठ्याचा ठसा मोठा पडतो. यंत्राला कळायला पाहिजे."

"अंगठ्यानं कळतंय. करंगळीनं न्हाय कळत. करंगळी पोरीच्या अंगठ्याएवढीच बसती."

मी संतापलो. चार शिक्षकांसमोर म्हणालो, पोरीच्या जिवाशी खेळताय तुम्ही, आरसा झाकून तोंड स्वच्छ होत नसतं. त्याच दुपारी मी रीतसर अहवाल पाठवला. त्यांची मुलगी तीन आठवडे दवाखान्यात राहिली, मग परत आली आणि दुसऱ्या बाकावर बसू लागली. आता ती वर्गात हसते, कधीकधी माझ्यावरसुद्धा.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी यादीत शेवटून तिसरं नाव होतं: ईशानी सुहास डुबल, बारावी शास्त्र.

ईशानी माझी एकुलती एक मुलगी. रंग अजून पिवळा झाला नव्हता, पोपटी होता. मी यादी बंद केली, पुन्हा उघडली. नाव तिथेच होतं.

त्या क्षणी मला तिची काळजी वाटली असं मी लिहू शकलो असतो. वाटली असेलही, पण नंतर. आधी वाटलं, पट्टीप्रमुखाच्याच घरात? मग वाटलं, सहा महिने हिरवी पाहिजे, पुण्याच्या वसतिगृहाचं काय? मग मी स्वतःची समजूत घातली की बारावी आहे, अभ्यासाचा ताण आहे, एवढं चालायचंच. ती रात्री उशिरापर्यंत फोनमध्ये डोकं घालून असते हे मला माहीत होतं. तिची जवळची मैत्रीण सानिका पुण्याला गेली आणि पुढे तिनं ईशानीला आपल्या ग्रुपमधून काढून टाकलं, हेसुद्धा वृषालीकडून, म्हणजे माझ्या बायकोकडून, कानावर आलं होतं. मी म्हणालो होतो, "बरं झालं, अभ्यास होईल."

ईशानी सकाळी सहा ते नऊ क्लासला जायची. तिथे फोन चालत नाही, म्हणून तो घरी फ्रिजवर असायचा. उघडायचा आकडा मला माहीत होता, कारण आमच्या घरी कुणाचंच काही लपवलेलं नसतं असा माझा दावा होता.

मंगळवारी सकाळी वृषाली अंघोळीला गेली. मी चहाचा कप घेऊन बसलो आणि मुलीच्या फोनवर करंगळी टेकवली.

पहिले दोन दिवस जमेना. करंगळीनं चपळ सरकवणं सोपं नाही, करून बघा. पण मला पट्टीचं गणित पाठ होतं: सकाळच्या बोटाला ती रात्रीच्या बोटापेक्षा जास्त वजन देते. झटका, झटका, थोडा दम, झटका. कधी मागे जायचं, कधी उगाच एका कुत्र्याच्या पिल्लावर टिचकी मारायची. दीड आठवड्यात पोपटी रंग गेला. सोमवारच्या यादीतून नाव गेलं. मी त्या दिवशी घरी बाकरवडी घेऊन गेलो.

फोनवर काय यायचं? आधी नखांवरची नक्षी, नाच, कोरियन भाज्या. मग मला कळायच्या आत माझ्याही आवडीचं यायला लागलं, कारण बोट माझं होतं. विहीर खणण्याचे व्हिडिओ. जुनी इंजिनं दुरुस्त करणारा एक म्हातारा. गुडघेदुखीवरचे व्यायाम, कारण माझा डावा गुडघा दुखतो आणि मी ते घरात कुणाला सांगितलेलं नाही. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला, मग सव्वा तास. चहा गार व्हायचा. पहिल्या तासाला मी उशिरा पोचू लागलो. मुलांना फोनच्या आहारी जाऊ नका म्हणून सांगणारा माणूस सकाळी सातला मुलीच्या फोनवर विहिरी खणलेल्या बघत बसलेला असायचा.

आणि मधूनमधून दुसरंही यायचं. एक मुलगी छताकडे बघत पडलेली, वर अक्षरं: झोप येत नाही. एक मुलगा ताटासमोर बसलेला, घास गिळत नाही म्हणणारा. असलं काही आलं की मी झटका द्यायचो. तिथे थांबून चालणार नव्हतं. थांबलो असतो तर रंग उतरला असता.

सप्टेंबरात हे वाढलं. त्यातला एक व्हिडिओ तर रोज यायला लागला. पिवळ्या कुर्त्यातली एक मुलगी खिडकीत बसून म्हणायची, "घरात सगळ्यांना वाटतं मी ठीक आहे. कुणीतरी विचारावं, एवढंच." तिचं वाक्य पुरतं व्हायच्या आत मी तिला वर ढकलायचो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. एकाच सकाळी ती चारदा आली. मला रागच आला. या ॲपला अक्कल नाही, म्हटलं, तेच तेच काय दाखवतं.

याच सुमारास एका संध्याकाळी जेवताना ईशानीनं मला विचारलं, "पप्पा, तुमचा गुडघा दुखतो का?"

"नाही गं. का?"

"असंच."

ती ताटातली भाकरी कुस्करत बसली होती. मी म्हणालो, "जेव नीट. पट्टी हिरवी आहे बघ तुझी, छान चाललंय." तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. वृषालीनं तिला आणखी भाजी वाढली.

ऑक्टोबरमध्ये एका गुरुवारी साडेदहाला वर्गात असताना क्लासमधून फोन आला. ईशानी आज आलीच नव्हती. मी आणि वृषाली रिक्षानं शोधत फिरलो. ती घाटावर सापडली, पाण्यापासून पाच पायऱ्या वर. सकाळी सहापासून तिथेच बसून होती. तिथल्या एका फुलवाल्या बाईंनी तिच्या डोक्यावर स्वतःचा टॉवेल टाकला होता, उन्हाचा.

"किती हाका मारल्या, बोलतच न्हाई," त्या बाई म्हणाल्या. "म्हटलं एकटीला सोडून जायचं न्हाई. माझी फुलं राहू देत."

मी ईशानीला उठवलं तर ती उठली. चल म्हटलं तर चालली. बोलली नाही.

दवाखान्यात मुलांच्या मनोविकार विभागात डॉ. तांबोळी होत्या. पन्नाशीच्या, केस विस्कटलेले, सकाळपासून खुर्चीतून हलल्या नसाव्यात. त्यांनी ईशानीशी हळू आवाजात बराच वेळ बोलून पाहिलं. ईशानी भिंतीकडे बघत राहिली. सलाईन लावून त्या आमच्याकडे आल्या.

"दोन दिवस पोटात काही नाही तिच्या. झोपही नसावी. ती स्वतः काही सांगत नाहीये." त्यांनी पडद्यावर आलेख उघडला. आठ आठवडे, सलग, हिरवागार. "पट्टी मात्र चांगली आहे. इतकी चांगली पट्टी मी या महिन्यात पाहिली नाही."

मी तो आलेख बघितला. माझ्या हाताचं अक्षर ओळखावं तसा तो मला ओळखू आला. झटका, झटका, दम, झटका.

"म्हणजे हे आतून साचत आलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "अशक्तपणा आणि परीक्षेचा ताण. सलाईन संपलं की घरी न्या."

"ठेवून नाही का घेणार?" वृषालीनं विचारलं. तिचा पदर हातात पिळून पिळून चुरगळला होता.

"ताई, माझ्याकडे आठ खाटा आहेत आणि लाल पट्टीची सतरा मुलं थांबलेली आहेत. हिरव्या पट्टीला खाट देता येत नाही. आणि तशी गरजही नाही. खरंच काही असतं तर पट्टीत आधीच दिसलं असतं."

वृषालीनं डोळे मिटून हात जोडले. "अहो, ऐकलंत ना? पट्टी हिरवी आहे म्हणतात. तसलं काही नाही."

मी मान हलवली. कागदावर डॉक्टरांनी माझ्यासमोर 'घरी सोडण्यास हरकत नाही' असं लिहिलं आणि मी ते लिहू दिलं. मग टॉनिक आणायला म्हणून खाली गेलो.

जिना उतरताना मी स्वतःला पुष्कळ गोष्टी सांगितल्या. घरी नेऊ, रजा टाकू, मी स्वतः लक्ष ठेवीन. वसतिगृहाच्या सहा महिन्यांतले दोन झालेत, चार राहिलेत. बोललो तर नोकरी जाईल आणि तिच्या नावापुढे कायमचा शेरा बसेल. उगाच कशाला? औषधाच्या दुकानात पोरानं पिशवी पुढे केली, मी ती सवयीनं करंगळीत अडकवली आणि कळ थेट मनगटापर्यंत गेली. मला बाबर आठवले. त्यांनी चपला काढल्या होत्या. त्यांना कुणी पकडलेलं नव्हतं, ते आपल्या पायानं आले होते.

वर आलो तेव्हा नर्सनं सुई काढली होती. वृषाली ईशानीच्या पायात चपला सरकवत होती. ईशानी काही विचारत नव्हती, कुठे जायचं, का जायचं. सांगितलं म्हणून निघाली होती. आमची पोर फार आज्ञाधारक आहे, असं मी सगळीकडे कौतुकानं सांगत आलो होतो.

"डॉक्टर," मी म्हणालो, "ती पट्टी माझी आहे."

"म्हणजे?"

मी करंगळी पुढे केली. शास्त्रशुद्ध काही सुचलं नाही. "दोन महिन्यांहून जास्त झाले, रोज सकाळी मी तिचा फोन फिरवतोय. या बोटानं. पट्टी उतरायला लागली होती. मी ती चढवली."

वृषालीच्या हातातली चप्पल खाली पडली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती नुसती माझ्या बोटाकडे बघत राहिली आणि मग मागे सरकून भिंतीला टेकली. "मी तिला रोज म्हणायचे," ती म्हणाली, "पट्टी हिरवी आहे ना, मग कशाला रडतेस."

मुलगी घरात रडते हे मला तेव्हा कळलं.

डॉ. तांबोळींनी मला काही सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि विचारलं, "तिची स्वतःची नोंद वेगळी काढता येईल?"

"नाही. सगळी मिसळली आहे."

"मग माझ्याकडे आठ आठवड्यांचं काहीच नाही." त्यांनी तो हिरवा आलेख बंद केला, घरी सोडायचा कागद फाडला आणि नर्सला सांगितलं, खाट मिळेपर्यंत हिला माझ्या खोलीत ठेवा, एकटी सोडू नका. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आता जुन्या पद्धतीनं करावं लागेल, सर. तिलाच विचारावं लागेल. तुम्हीपण या."

ईशानी कोचावर बसली होती, टॉवेल अजून खांद्यावर होता. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. बसताना गुडघा दुखला आणि तोंडातून आवाज निघाला.

"दुखतोय ना?" ती म्हणाली.

सकाळपासूनचे ते तिचे पहिले शब्द होते. आवाज घोगरा झाला होता.

"दुखतोय," मी म्हणालो. "खूप दिवसांपासून. तुला कसं कळलं?"

"माझ्या फोनवर गुडघ्याचे व्यायाम यायला लागले. विहिरी यायला लागल्या." ती थांबून थांबून बोलत होती, एकेक शब्द उचलून ठेवावा तशी. "मला आधी राग आला, पप्पा. मग बरं वाटलं. म्हटलं, पप्पा रोज बघतायत. मला सांगता येत नव्हतं. बोलायला गेलं की काही निघायचंच नाही तोंडातून. मग मी रात्री ते व्हिडिओ लावून ठेवायचे. झोप न येण्याचे. पुन्हा पुन्हा तेच. म्हणजे सकाळी तुम्हाला येतील."

वृषालीनं तोंडावर हात घेतला.

"ती खिडकीतली मुलगी," ईशानी म्हणाली. "पिवळ्या कुर्त्यातली. तिला तर मी एका रात्रीत साठ वेळा बघितलं. आली होती ना तुम्हाला?"

"आली होती."

"रोज?"

"रोज."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. लहानपणी गणित अडलं की बघायची तशीच, पप्पांना येत असणार अशा भरवशानं.

"मग थांबला का नाहीत?"

उत्तर मला येत होतं. भरलेल्या सभागृहात माईकवर मी ते कितीतरी वेळा सांगितलं होतं. बोट थांबलं की पट्टी उतरते.